उचलणारे हात

महाविद्यालयीन खेळाडूंच्या सत्कार समारंभातला तो फोटो एव्हाना बऱ्याच जणांनी पाहिला असेल: मुलं मंचावर, त्यांचे सर खाली. मी स्वतः त्या सभागृहात होतो. जिम्नॅस्टिक्सच्या मुलांची नावं पुकारली गेली, मुलं मंचावर गेली, आणि त्यांचे सर माझ्या पुढच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिले. त्यांचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं. राग आला तो आठवडाभर जे खुलासे कानांवर पडले, त्यांचा.

सर मानधनावर आहेत, कायम नाहीत, असा एक खुलासा. पत्रिका आधीच छापून झाली होती, असा दुसरा. हे दोन्ही मी सोडून देतो. तिसरा मात्र सोडवत नाही. म्हणे, ‘वेळ नव्हता.’

मग वेळेचा हिशोब मांडूच. पाहुणे उशिरा आले, त्यात चाळीस मिनिटं गेली. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मग अकरा मान्यवरांचा परिचय आणि अकरा मान्यवरांना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. शाल उलगडायची, खांद्यावर टाकायची, फोटोसाठी वळायचं, हसायचं, खुर्चीत बसून ती काढायची आणि घडी करून शेजारी ठेवायची. एका शालीला दोन मिनिटं धरली तरी अकरा शालींची बावीस मिनिटं झाली. त्यानंतर प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले, तेही क्रिकेटवर. एवढा वेळ ज्यांच्यापाशी होता, त्यांच्यापाशी ‘सर, तुम्हीही या’ एवढं म्हणायला वेळ नव्हता? हे वाक्य मी घरी घड्याळ लावून म्हणून पाहिलं. दोन सेकंद लागतात.

आणि हे कारण द्यायचं कुणाला, तर जिम्नॅस्टिक्सच्या मुलांना! पुरुषांच्या फ्लोअरचा अख्खा संच सव्वा मिनिटात आटोपतो. व्हॉल्टला जेमतेम पंचवीस मीटरची धाव, हात टेकले, हवेत वळण, पाय गादीवर. सगळं मिळून काही सेकंद. त्या काही सेकंदांसाठी मुलगा आठ-दहा वर्षं पहाटे उठतो, तळहात फाटतात, त्यावर मॅग्नेशियम चोळून पुन्हा बार धरतो. गादीवर उतरताना पाय जरासा सरकला तर ०.१ गुण कापतात, पडला तर पूर्ण १ गुण जातो. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये आपल्या दीपा कर्माकरचे व्हॉल्टचे गुण १५.०६६ होते आणि कांस्यपदक १५.२१६ ला गेलं. इतक्या बारीक मापाने ज्यांना मोजतात, त्यांच्यासमोर वेळ नव्हता म्हणणं हा त्यांच्या मेहनतीचा अपमान आहे. मी याला चूक म्हणणार नाही. अपमानच म्हणेन.

त्याच वर्षी देशाने काय केलं तेही आठवून पाहा. दीपा चौथी आली होती, गळ्यात पदक नव्हतं. तरी तिला खेलरत्न मिळालं आणि तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांना त्याच वर्षी द्रोणाचार्य. शिष्या आणि गुरू, दोघांचा मान एकाच वर्षी झाला. दिल्लीला हे सुचलं, तर आपल्या महाविद्यालयांना सुचायला काय हरकत होती?

या खेळात प्रशिक्षक किती जवळ उभा असतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिंग्ज जमिनीपासून २.८० मीटर उंच असतात. खेळाडूचा हात तिथे पोचत नाही. सर कमरेला धरून त्याला वर उचलतात, त्याची पकड बसली की दोन पावलं मागे सरतात. सरावात याच्या उलट. तिथे ते खालीच उभे असतात, कारण नवा डिसमाउंट, म्हणजे साधनावरून उतरण्याची उडी, शिकताना मुलगा मानेवर येऊ शकतो आणि तेव्हा मध्ये हात घालणारं दुसरं कुणी नसतं. मुलगा मंचावर उभा आहे तो सरळ मानेने उभा आहे, यात त्या हातांचा वाटा आहे.

हे सगळं आपल्याला नवीन नाही. मल्लखांबाचे आद्य गुरू म्हणून आपण कुणाचं नाव घेतो? पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांचं. त्यांना ही विद्या सप्तशृंगीच्या आराधनेतून मिळाली, ही आख्यायिका तर आपल्या नाशिककडच्या वणीच्या गडाची आहे. तालमीत आजही आधी वस्तादाच्या पाया पडतात, मग मातीत उतरतात. २०२४ मध्ये शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली, ती मल्लखांब शिकवण्यात घातलेल्या आयुष्यासाठी. आणि आपल्या नाशिकच्या धावपटू कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणलं, तेव्हा तिच्या नावामागोमाग तिचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांचं नाव नाशिकने आपसूक घेतलं होतं. कुणी पत्रिकेत पाहून घेतलं नव्हतं.

महाविद्यालयाचं वय पुरुष जिम्नॅस्टसाठी फार मोलाचं. रिंग्जवर लागणारी ताकद अंगात भरते ती याच वर्षांत, आणि आपल्याकडची बरीचशी मुलं बारावीचे क्रीडागुण हातात पडले की याच वेळी खेळ सोडतात. पॅरिसला २०२४ मध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाने सांघिक कांस्य जिंकलं, त्यातले पाचही जण विद्यापीठांच्या संघांतून आलेले होते. तिथे पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या सर्वोत्तम जिम्नॅस्टला निस्सन-एमरी पुरस्कार देतात आणि वर्षाच्या उत्तम प्रशिक्षकालाही वेगळा मान असतो. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण सरांचं नाव पुकारायला पैसा लागत नाही, आणि ते ऐकलं तर पुढच्या वर्षी सराव सोडण्याच्या बेतात असलेला एखादा मुलगा थांबतो. मुलाला प्रमाणपत्र द्या, नाव त्यावर शुद्ध लिहा, त्याने कोणत्या साधनावर काय करून दाखवलं ते एका वाक्यात सांगा, आणि त्याच्या शेजारी त्याच्या सरांना उभं करा. सत्कार म्हणजे ऋण मान्य करणं. अर्धंच ऋण मान्य केलं तर उरलेलं अर्धं बुडवल्यासारखंच आहे.

कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये सर भेटले. मी तावातावाने बोलू लागलो, तर त्यांनी शांतपणे स्कूटरचं स्टँड काढलं. म्हणाले, ‘‘रिंगला पोरगं लावलं की आम्ही मागे सरतो. सवय आहे हो.’’

त्यांना सवय आहे, ठीक. ती सवय आपण गृहीत धरावी, हे मला मान्य नाही. पुढच्या वर्षी दहाच शाली आणा. वेळ निघेल.