शुद्धी आणि क्षेपक

शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ होऊन जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, काहींनी पदरच्या ओव्याही त्यात मिसळल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ ठरवला आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी यात घालू नये असे कठोर शब्दांत बजावले. ते स्वतः थोर कवी होते. तरीही दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावताना त्यांनी आपले कवित्व उंबऱ्याबाहेर ठेवले.

हा प्रसंग आम्हांला आठवला तो एका अगदी वेगळ्या निमित्ताने. आमचा भालकीचा पुतण्या संगणकाच्या मुक्तस्रोत प्रकल्पांत काम करतो. तेथील आज्ञावली सर्वांना खुली असते. कोणीही ती वाचावी, तिची प्रत घ्यावी, तीत सुधारणा करावी. मात्र ती सुधारणा मूळ प्रतीत आपोआप शिरत नाही. आधी तोच दोष कोणी कळवला आहे का हे पाहायचे, आपल्या प्रतीत एका वेळी एकच लहान बदल करायचा, तो चालतो याची चाचणी घ्यायची, बदल का केला ते दोन ओळींत लिहायचे आणि मग तो सांभाळकर्त्यांपुढे ठेवायचा. ते प्रश्न विचारतात, परत पाठवतात, कधी नाकारतात. लिनक्सच्या गाभ्यात तर 2004 पासून प्रत्येक बदलाखाली, हे देण्याचा मला अधिकार आहे, अशा अर्थाची सही लागते. 2005 साली लिनस तोरवाल्ड्स यांनी रचलेल्या 'गिट'मध्ये बदल लिहिणाऱ्याचे नाव वेगळे आणि तो सामील करून घेणाऱ्याचे वेगळे नोंदले जाते. नाथांनी कोणता पाठ कशासाठी सोडला याची अशी नोंद आपल्याला लाभली असती तर किती वाद मिटले असते!

पुतण्याने मराठी शब्दतपासणीच्या एका कोशासाठी आपल्या भागातले चाळीसेक शब्द पाठवले. त्यांत 'येळवस' होता. बीदर-कलबुर्गीच्या शिवारात त्या अमावास्येला भज्जी-अंबील खाऊन आपण मोठे झालो. उत्तर आले की हा 'वेळ' शब्दाचा अपभ्रंश दिसतो, वापराचा पुरावा द्यावा. आम्ही संतापलो. कानडीतल्या 'एळ्ळ अमावास्ये'शी त्याचे नाते या लोकांना कोठून ठाऊक असणार? पिढ्यान्‌पिढ्या बोललेल्या मराठीचा दाखला आम्ही कोणापुढे ठेवायचा? "वेगळी प्रत काढ आणि आपला कोश स्वतंत्र कर," असे आम्ही म्हणालो. परवान्याने ती मोकळीक दिलेलीच आहे.

तो शांतपणे म्हणाला, "काका, माझ्या जागी कोणी खोटा शब्द घातला असता तर त्यांनी काय विचारले असते?" मग त्याने 2024 सालची गोष्ट सांगितली. 'एक्सझेड' नावाचे एक लहानसे साधन जवळजवळ एकटा, थकलेला माणूस सांभाळत होता. एका टोपणनावाच्या मदतनिसाने दोनेक वर्षे मनोभावे काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि शेवटी चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या तंत्रज्ञाला लॉगिनमध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला, म्हणून ते उघडकीस आले. नम्रपणाही सोंग असू शकतो, तर सांभाळकर्त्याने केवळ आमच्या वयाकडे पाहून दार उघडावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हती. त्याचा संशय आमच्या मराठीवर असेलही. पण प्रश्न तर प्रत्येकाला तोच विचारला जात होता.

खरी अडचण पुढेच होती. यादीत आम्ही आग्रहाने आमच्या आजीचे दोन शब्द घातले होते. ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले का, असे पुतण्याने विचारले. आम्ही हुमनाबादच्या आत्याला विचारले, आळंदच्या व्याह्यांना विचारले. कोणालाच ते माहीत नव्हते. आजी गेल्यावर ते बोलणारे आम्हीच उरलो आहोत. प्रेमाने घातलेला शब्दही क्षेपकच ठरतो का? नाथांच्या काळी ओव्या मिसळणाऱ्यांनाही कदाचित ग्रंथावर प्रेमच असेल.

पुतण्याने ते दोन शब्द काढले. 'येळवस' छापील दाखल्यांसह पुन्हा पाठवला आहे, त्याची तपासणी चालू आहे. आजीचे शब्द आम्ही घरच्या वहीत तिच्या नावासकट लिहून ठेवले आहेत.