कासवाची खरी चाल कोणती?

कासव म्हटले की गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टांत आठवतो : अंगे आत ओढून घेणारे कासव, तसा इंद्रिये आवरणारा स्थितप्रज्ञ. पण समुद्रातल्या कासवाला पाय आणि डोके कवचात ओढून घेताच येत नाही. म्हणून काही दृष्टांत खोटा ठरत नाही. दृष्टांत एकदेशी असतो. मात्र या समुद्रकासवाच्या चालीत आम्हांस दुसराच विचार सापडला, तो वाचकांपुढे ठेवतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालण्यास येतात. पाण्यात यांची गती पाहावी. पुढचे पाय वल्ह्यासारखे चपटे. ते दोन्ही एकदम वरखाली होतात, जणू पाखराचे पंखच. मागचे पाय सुकाणू. चाळीसएक किलोचा देह, पण पाण्याने तोललेला, म्हणून भार असा वाटतच नाही. तीच मादी वाळूवर आली की पुढचा उजवा नि मागचा डावा, मग पुढचा डावा नि मागचा उजवा, असे आळीपाळीने पाय रेटीत, पोट घासत सरकते. थोडी गेली की थांबते, दम घेते.

आता पूर्वपक्षी विचारील, "जिथं गती सहज, तिथंच राहावं. स्वभाव सोडून फरपटण्यात कसलं आलंय पुण्य?"

उत्तर ती मादीच देते. तिची अंडी पाण्यात जगत नाहीत. आतला जीव गुदमरतो. त्यास उबदार वाळूच हवी. नराला हे काम नाही, म्हणून तो एकदा समुद्रात गेला की सहसा पुन्हा किनाऱ्यावर येत नाही. मादीला मात्र यावेच लागते. पाण्यात जे पाय सुकाणू होते, त्यांनीच ती खड्डा खणते, शंभरएक अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि परत फिरते. पिल्ले बाहेर पडतील तेव्हा ती तेथे नसते. म्हणजे सुखाची चाल ती स्वतःसाठी चालते, आणि कष्टाची चाल, जी तिला दिसणारही नाहीत त्या पिल्लांसाठी!

तेव्हा सहजता ही काही कर्तव्याची खूण नव्हे. प्रवचनात ज्याची जीभ सरसर चालते, तोच आजाऱ्याच्या उशाशी बसला की अडखळतो. म्हणून त्याने तेथे जाऊच नये काय? अडखळत का होईना, जावे. आणि दिंडीत मागे पडलेल्या म्हाताऱ्याला "बाबा, तुम्ही घरीच राहायचं" असे म्हणणाऱ्याने वाळूवरची ही मादी एकदा आठवावी.

पण कष्ट म्हणजेच धर्म, असेही समजू नये. काम होताच ती वाळूवर रेंगाळत नाही. 'बघा, मी किती सोसलं' हे सांगायला थांबत नाही. तडक पाण्याची वाट धरते. आपणही जेथे आपली गरज असेल तेथे जड पायांनी का होईना जावे, आणि काम झाले की मुकाट्याने आपल्या पाण्यात परतावे. दोन्ही चाली खऱ्याच. कोणती केव्हा चालावी, एवढा विवेक हवा.