प्रकाशक कोण?

शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावी वाचनालयाच्या टेबलावर मी माझी कादंबरी ठेवली. ग्रंथपालांनी मुखपृष्ठ पाहिलं, मागची किंमत पाहिली, मग आतलं पान उघडून त्यावर बोट ठेवलं. "प्रकाशक कोण? हे तर तुमचंच नाव. म्हणजे सोताच काढलंय व्हय?" आवाजात कुचेष्टा नव्हती. पाहुण्याला गाव विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. "एक प्रत ठेवून जावा," म्हणाले. एसटी कोल्हापूरच्या स्टँडवर लागली तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं मराठी माणसाला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्यानं वाचकांपुढे ठेवली. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे लक्ष्मण राव दिल्लीत आयटीओजवळ पदपथावर चहा विकत हिंदी कादंबऱ्या लिहीत आले, त्या स्वतः छापत आले, सायकलवर लादून शाळांत आणि ग्रंथालयांत नेत आले. दुसरी बाजूही सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकावर नाव प्रकाशकाचं असतं आणि छपाईचे पैसे लेखकानं भरलेले असतात. तेव्हा पैसा कुणाचा, यावरून पुस्तकाची जात ठरवण्यात अर्थ नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो छापणं आणि प्रकाशित करणं यांतला फरक. छापणं एका दिवशी संपतं. माझं तेरा फॉर्मांचं, डेमी आकाराचं पुस्तक. ५०० प्रती बाइंडरकडून रिक्षानं घरी आल्या आणि पलंगाखाली गेल्या, तेव्हा ते संपलं. घरभर नव्या कागदाचा आणि डिंकाचा वास होता. प्रकाशित होणं मात्र तेव्हा सुरूही झालेलं नसतं. आपल्याला न ओळखणारा माणूस, आपण समोर नसताना, पुस्तक उघडून दुसऱ्या पानावर जातो, तिथं ते सुरू होतं. नातेवाइकांनी घेतलेल्या चाळीस प्रती त्यात धरता येत नाहीत. प्रकाशन समारंभही नाही.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, आयुष्यभर मराठी शिकवलेले. त्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं असं, की प्रकाशक ही गाळणी आहे. ती काढून टाकली की चोथ्यासकट सगळं कपात येतं. ते श्री. पु. भागवतांचं नाव घेतात, 'मौजे'त हस्तलिखितावर किती मेहनत व्हायची ते सांगतात. रा. ज. देशमुखांनी १९६३ साली नेमाड्यांसारख्या नवख्या पोराची 'कोसला' काढली, याची आठवण देतात. हे सगळं खरं आहे, आणि त्या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण सर, तशी संपादकाची खुर्ची आज किती ठिकाणी उरली आहे? माझं हस्तलिखित तीन ठिकाणी गेलं. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. तिसऱ्या ठिकाणाहून खर्चाचा अंदाज आला. कादंबरीविषयी त्यात एक ओळ नव्हती. जी गाळणी दरपत्रक पाठवते, तिला गाळणी कशासाठी म्हणायचं?

आणि 'प्रकाशक कोण?' हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात विचारला जावा, याचं मला जास्त वाईट वाटतं. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. १९१८ साली तो तयार झाला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. कॅमेऱ्यावर कंपनीचं नाव का नाही, असं आज कुणी विचारत नाही. ते यंत्र आपल्या मातीत जुळवलं याचाच आपल्याला अभिमान आहे. हे उदाहरण मी सरांपुढे फार जोरात मांडायचो. मग एकदा बोलता बोलता तानीबाई कागलकरांची आठवण झाली आणि मी थांबलो. त्या गायिकेनं पैसा उभा केला नसता तर पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली नसती. म्हणजे पेंटरही एकटे नव्हते. मग मी तरी कुठं होतो?

माझी कादंबरी जिनं टाइप केली ती डीटीपीवाली मुलगी माझी पहिली वाचक. फाँट बदलताना 'ऱ्ह' फुटायचा, 'गुऱ्हाळ' शब्दाची चाळण व्हायची. ती प्रत्येक ठिकाणी हातानं जुळवायची. एका दुपारी तिनं की-बोर्डवरून हात काढले. "काका, ही बाई मागच्या प्रकरणात रागावून माहेरी गेलीय. मग आता भाकऱ्या कोण थापतंय?" ती पाच पानं मी पुन्हा लिहिली. पानांच्या हिशेबानं तिला पैसे मिळत होते. प्रश्नाचे कुणी देत नव्हतं.

सहा महिन्यांनी त्या वाचनालयात पुन्हा गेलो. पुस्तकाला खाकी कव्हर चढलं होतं. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचे नऊ शिक्के होते. त्या नऊजणांतला एकही माझ्या ओळखीचा नाही. पान १३१ वर, गुळव्याच्या प्रसंगात, समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'भेंडी आधी. मग मळी.' मी रस उकळून मळी काढल्यावर भेंडीचं पाणी घातलं होतं. खरं तर भेंडीच्या पाण्यानंच मळी वर येते आणि मग ती झाऱ्यानं काढतात. कादंबरी गुऱ्हाळावरची, आणि काहिलीपुढचीच चूक.

ते चार शब्द वाचले आणि सरांशी माझं भांडण निम्मं मिटलं. थांबवणारं कुणीतरी हवं, ही त्यांची गोष्ट खरी. स्वतंत्र लेखकाला कुणाचीच गरज नाही, असं मी म्हणत आलो होतो. ते आता म्हणणार नाही. पण गाळणी छापखान्याच्या अलीकडेच असली पाहिजे, हे मला अजून मान्य नाही. माझ्या बाबतीत ती पलीकडे निघाली, शाहूवाडीच्या डोंगरात, चूल आणि काहील पाहिलेल्या एका माणसाच्या हातात. त्याच्यापर्यंत मला ना दुकानानं नेलं, ना जाहिरातीनं. वाचनालयानं नेलं.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली झाला तो कोल्हापूर संस्थानात. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचं. राज्यात आज अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांतल्या कितीकांत खरेदी तयार संचांची होते, आणि एकट्या लेखकाच्या एका पुस्तकाला त्या संचात जागा नसते. पण वाचकानं एखादं पुस्तक नावानिशी मागितलं तर ग्रंथपालाला ते मागवता येतं. तेव्हा वाचकहो, या आठवड्यात आपल्या वाचनालयात जाल तेव्हा एका पुस्तकाचं नाव लिहून द्या. माझंच असं नाही. ज्याचा प्रकाशक तुम्हाला ठाऊक नाही असं कोणतंही. आणि वाचताना चूक दिसली तर समासात लिहा, पेन्सिलीनं.