त्याला सोडलेत, मग मला का?



"बाई, त्याला सोडलेत, मग मला का?" हा प्रश्न ज्याने कधी ऐकला नाही त्याने शाळेत नोकरी केली असे मी मानणार नाही. मुंबईत विद्यार्थिनी असताना मी तो मराठीत ऐकला, पुढे बेसिंगस्टोकमध्ये शिक्षिका म्हणून इंग्रजीत ऐकला. सूर मात्र तोच. एका मुलाचा खोडकरपणा शिक्षकाने पाहून न पाहिल्यासारखा केला तर तो वर्गात पसरतो काय, आणि पसरत असेल तर त्या एका मुलाशी कसे वागणे न्यायाचे, यावर आज थोडे लिहावेसे वाटते.

आपल्याकडची जुनी समजूत सरळ आहे. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. म्हणून नासका आंबा वेळीच काढा, नाहीतर छडी काढा. आमच्या वेळी मुंबईच्या शाळांतून छडी, फूटपट्टी, अंगठे धरणे, बाकावर उभे राहणे हे सारे नित्याचे होते आणि घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरी उरलेली शिक्षा मिळे. इंग्लंडही फार वेगळे नव्हते. १९८२ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात स्कॉटलंडमधील दोन मातांनी दाद मागितली व ब्रिटिश सरकार हरले. मग १९८६ चा शिक्षण कायदा झाला आणि १५ ऑगस्ट १९८७ पासून सरकारी शाळांतून मार देणे बंद झाले. (तारीख पाहून आपल्याला हसू येईल. त्या मुलांचाही तो स्वातंत्र्यदिनच!) भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तीच बंदी घातली.

छडी गेल्यावर शाळा रसातळाला जातील असे पुष्कळांना वाटले. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हा सरकारने लॉर्ड एल्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८९ साली आला. तो प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. शिक्षकांना मारामारीचा त्रास फारसा नव्हता. त्यांना थकवत होती ती मधेच बोलणे, दुसऱ्याच्या कामात अडथळा आणणे, उगाच जागेवरून उठणे अशी बारीकसारीक, पण दिवसभर चालणारी कुरबुर. म्हणजे कानाडोळा ज्याकडे होतो, तेच.

आता पसरण्याविषयी. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहरात काही संशोधकांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गल्लीत सायकली उभ्या असत. तेथे भिंतीवर लिहू नये अशी पाटी होती. संशोधकांनी सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले आणि आजूबाजूला कचऱ्याची पेटी ठेवली नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा १०० पैकी ३३ जणांनी कागद जमिनीवर टाकला. त्याच भिंतीवर रेघोट्या मारून ठेवल्या तेव्हा ६९ जणांनी. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाहणाऱ्यांनी भिंतीवर काही लिहिले नाही, त्यांनी कागद टाकला. पसरली ती खोडी नव्हे, तर येथे नियमाला कोणी विचारत नाही ही बातमी. वर्गातही असेच घडते. एकाने च्युइंगम चघळले आणि त्याला कोणी काही म्हटले नाही, तर दुसरा च्युइंगम आणीलच असे नाही. तो गृहपाठ आणणार नाही.

बेसिंगस्टोक हे गोल चौकांचे गाव. १९६० नंतर लंडनची जादा वस्ती येथे आणली गेली, नवे रस्ते झाले आणि पावलोपावली हे चौक आले. मुंबईहून येणारे पाहुणे विचारतात, पोलीस नाही, दिवे नाहीत, मग चालते कसे? उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा १९६६ पासूनचा नियम. तो पाळला जातो, कारण पुढचा पाळताना दिसतो. एखाद्या सकाळी एकजण घुसतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि पाच मिनिटांत सगळे हॉर्न वाजवू लागतात. तीस मुलांचा वर्ग म्हणजे तसाच चौक. चारजण काहीही झाले तरी खोडी करणार नाहीत, दोघे केल्यावाचून राहणार नाहीत. उरलेले चोवीस पाहत असतात.

पण पाहतात कोणाकडे? येथे आंब्याची उपमा मला पटत नाही. महाराष्ट्रातील परीक्षांतली कॉपी घ्या. १९८२ सालीच तेथे परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा झाला, तरी पुढे कित्येक वर्षे केंद्रांच्या खिडक्यांतून चिठ्ठ्या आत जात राहिल्या. चिठ्ठ्या पुरवणारे बाप, काका, थोरले भाऊ होते. २०१० च्या सुमारास नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान चालवले आणि पहिल्या झटक्याला जिल्ह्याचे निकाल घसरले. मुलांनी मुलांपासून जे घेतले असेल ते असो, त्यापेक्षा अधिक त्यांनी मोठ्यांच्या गप्प बसण्यापासून घेतले होते.

आपल्या वाचकांना शिलो येथील एली याजकाची गोष्ट ठाऊक आहे. त्याचे मुलगे हफनी व फिनहास अर्पणाच्या मांसावर हात मारीत. एलीला ते कळले होते, तो त्यांना बोललाही. आवरले मात्र नाही. गोष्टीत एक बारकावा आहे तो सहसा सांगितला जात नाही. मांस मागायला मुलगे स्वतः येत नाहीत, त्यांचा नोकर येतो, आणि मुकाट्याने देत नसाल तर जबरीने नेईन असे तो नोकर म्हणतो. धन्याची उद्धटाई नोकराच्या तोंडी केव्हाच पोहोचली होती. एलीने कानाडोळा केला असे म्हणवत नाही. त्याने शब्द खर्च केले. मुलांना नुसते बोलणे आणि आवरणे यातला फरक फार लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भाषेत यासाठी तीन निरनिराळे शब्दप्रयोग आहेत आणि इंग्रजी स्टाफरूममध्ये मला त्यांची नेहमी उणीव भासे. कानाडोळा करणे, पाठीशी घालणे आणि पोटात घालणे. कानाडोळा आळसाने किंवा भीतीने होतो. पाठीशी घालणे पक्षपाताने. मुख्याध्यापकांचा लाडका खेळाडू असला की होते. पोटात घालण्यात मात्र अपराध पाहिलेला असतो, अपराध्याला तो पाहिला हे कळलेले असते, आणि तरीही शिक्षा होत नाही. ज्याच्या घरी रात्रभर भांडण झाले तो मुलगा सकाळी उद्धटपणे बोलला, तर त्याच्या बाकाशी जाऊन हळू आवाजात "नंतर बोलू" म्हणणे पुरते. चोवीसजणांना तेही दिसते. त्यातून बेशिस्त पसरल्याचे मी पाहिले नाही.

कठीण प्रश्न पुढे आहे. चोवीसांना धडा मिळावा म्हणून एकाला जरा जास्त शिक्षा द्यावी काय? वेंब्लीची मायकेला शाळा २०१४ साली निघाली. तेथे बारीकशी चूकही सोडत नाहीत, मुले मार्गिकांतून न बोलता चालतात, आणि निकाल देशातल्या उत्तम शाळांच्या पंक्तीत आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इंग्लंडभर २०२३-२४ या वर्षी ९ लाख ५४ हजारांहून अधिक वेळा मुलांना तात्पुरते घरी बसवले गेले आणि १० हजारांहून अधिक मुलांची नावे कायमची कमी केली गेली. सर्वांत अधिक वेळा दिलेले कारण म्हणजे वर्गात सतत व्यत्यय. त्यांत शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गरीब मुलांचे प्रमाण फार मोठे. शिक्षा त्या मुलाने केले तेवढ्याचीच असावी. इतरांनी उद्या करू नये म्हणून वर घातलेला प्रत्येक फटका मला उसना वाटतो. इतरांसाठी नियम दाखवायचा तर तो रोज, सर्वांना, सारखा दाखवावा. त्याला कष्ट पडतात, एवढेच.

तल्मुदातील बाबा बथ्रा भागात शाळेविषयी मोठा व्यवहारी मजकूर आहे. एका शिक्षकामागे पंचवीस मुले, चाळीस झाली तर मदतनीस द्यावा. (आमच्या मुंबईच्या वर्गात साठ होतो, मदतनीस म्हणजे छडी!) तेथेच राव हे शमुएल बार शिलाथ या शिक्षकाला सांगतात की मुलाला मारायचेच तर फक्त जोड्याच्या बंदाने मारावे, आणि जो शिकत नाही त्याला शिकणाऱ्याच्या सोबतीला बसू द्यावे. म्हणजे वळण जर संगतीने लागत असेल तर चांगलेही लागेल, असा हिशेब.

मी हा उपाय केला. वर्गात बडबड करणारा एक मुलगा शहाण्या मुलीशेजारी बसवला. पहिला आठवडा तो गप्प राहिला, दुसऱ्यात तीच बोलू लागली. तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "माझी मुलगी काय औषध आहे?" बाईंचे म्हणणे रास्त होते. त्या एका मुलावर सगळा भार टाकणे जितके चूक, तितकेच त्या एका मुलीवर टाकणेही. मुलगा मात्र पूर्वीपेक्षा बरा वागत होता, तेव्हा त्याला परत मागच्या बाकावर एकटा बसवायला माझे मन घेईना. मी दर पंधरा दिवसांनी जागा बदलल्या. जूनपर्यंत तो जवळजवळ निम्म्या वर्गाच्या वाट्याला आला.