विहिरीची साक्ष

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी नांदेडला पीएच.डी. करत होती. विषय होता लातूर जिल्ह्यातल्या विहिरींची पाणीपातळी. एका सिनिअरने आपला प्रबंध सादर करण्याआधी तिला वाचायला दिला. त्यातल्या एका तक्त्यावर तिची नजर अडकली. मे 2016 मध्ये तिच्या शेजारच्या गावातल्या विहिरीला भरपूर पाणी दाखवलं होतं. त्या महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आणि त्या विहिरीचा कोरडा तळ तिने स्वतः पाहिला होता.

तिने लगेच आरोप केला नाही. ग्रंथालयात जुने प्रबंध चाळले. एकात तोच तक्ता सापडला. फक्त सालं बदलली होती. मग तिने सिनिअरलाच विचारलं.

“सगळेच करतात. विषय वाढवू नकोस. पुढे तुलाच जड जाईल,” तो म्हणाला आणि त्याने प्रबंध तसाच सादर केला.

घरी गेल्यावर तिने वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, आपल्याकडं खाली काळा पत्थर. खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी बोअर घेतला अन् फेल गेला, तर कर्ज कुणाच्या बोकांडी बसंल?”

तिने अर्ज लिहिला. दोन्ही प्रबंधांचे पान क्रमांक दिले, झेरॉक्स जोडल्या. सिनिअरबद्दल एकही कडवट शब्द लिहिला नाही, कँटीनमध्ये चर्चाही केली नाही. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये नियम केले. त्यांनुसार विभागात नेमलेल्या समितीकडे तिने अर्ज दिला.

समितीने सिनिअरचीही बाजू ऐकली. तपासणीत प्रबंधातली नक्कल 10 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान निघाली. नियमाप्रमाणे 6 महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध देण्याचा आदेश झाला. नक्कल 60 टक्क्यांच्या वर असती, तर नोंदणीच रद्द झाली असती.

सिनिअरने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नोंदी मिळवल्या, गावोगाव फिरून लोकांना विचारलं आणि त्या विहिरीपुढे खरं ते लिहिलं : कोरडी.

तात्पर्य : संशोधनातला खोटा आकडा शेवटी गरिबाच्या शेतात नुकसान करतो. तो दिसला तर आधी खात्री करा, पुरावा गोळा करा आणि योग्य समितीकडे निर्भयपणे द्या. ही चुगली नव्हे, संशोधकाचं कर्तव्य आहे.