काय मोजायचं ते आधी सांगा

1975 साली आयईईई 488 हे प्रमाण आलं आणि निरनिराळ्या कंपन्यांची मोजमापाची उपकरणं एकाच प्रकारच्या केबलनं संगणकाला जोडता येऊ लागली. केबल एक झाली, पण बोली मात्र ज्याची त्याची राहिली. हेवलेट-पॅकार्डच्या 3478ए मल्टिमीटरकडून डीसी व्होल्टेज हवं तर 'एफ1' पाठवायचं. दुसऱ्या कंपनीचा मीटर आणला की प्रोग्रॅम नव्यानं लिहायचा.

1987 मध्ये आयईईई 488.2 नं या संभाषणाचे नियम बांधले. 1990 मध्ये 'एससीपीआय' हे आज्ञांचं प्रमाण आलं आणि शब्दही ठरले. हे प्रमाण पाळणारा मल्टिमीटर कुठल्याही कंपनीचा असो, 'मेझर:व्होल्टेज:डीसी?' ही आज्ञा त्याला कळते. सातबारा शोधताना आपण जिल्हा, तालुका, गाव, गट असं आत आत जातो, तशी ही आज्ञा दर कोलनला एकेक पायरी आत उतरते.

या रचनेचं मोठेपण तिच्या क्रमात आहे. पुढच्या पट्टीवरची बटणं कुठल्या क्रमानं बसवली आहेत, याच्याशी तिला कर्तव्य नाही. ती सिग्नलपासून सुरू होते. त्यामुळे आज्ञा लिहिणाऱ्याला आपल्याला नेमकं काय हवं आहे, हे आधी ठरवावंच लागतं. शिवाय लिहिलेली चाचणी दहा वर्षांनी दुसरा इंजिनिअर वाचू शकतो. मोजमापाच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण जी चाचणी वाचता येत नाही ती तपासताही येत नाही.

पण शब्द एक झाले म्हणून मोजमाप एक होत नाही. 'मेझर' म्हटलं की रेंज आणि मोजण्याचा वेळ यांसारख्या न सांगितलेल्या गोष्टी उपकरण स्वतः ठरवतं, आणि दोन मीटर त्या वेगवेगळ्या ठरवू शकतात. रेंजपेक्षा मोठा सिग्नल आला तर उत्तर म्हणून 9.9ई37 हा आकडा येतो. न बघता सरासरी काढणारा प्रोग्रॅम तोही बेरजेत धरतो. आज्ञेचं स्पेलिंग चुकलं तर उणे 113 क्रमांकाची चूक उपकरणाच्या यादीत जाऊन बसते आणि 'सिस्टिम:एरर?' असं विचारेपर्यंत बहुधा तिथेच राहते. तोवर प्रोग्रॅम पुढे गेलेला असतो.

म्हणून जिथे निकालावर कुणाची सुरक्षितता अवलंबून आहे, तिथे एका ओळीच्या 'मेझर'वर भागवू नये. 'कॉन्फिगर'नं रेंज स्वतः ठरवावी, 'रीड?'नं आकडा घ्यावा, चुकांची यादी रिकामी आहे ना ते दर वेळी विचारावं आणि हे सारं निकालासोबत नोंदवून ठेवावं. प्रमाण आपल्याला नेमकं बोलायची सोय देतं. किती नेमकं बोलायचं, हे मोजणाऱ्यानंच ठरवायचं असतं आणि त्या आकड्याची जबाबदारीही त्याचीच असते.