समोरासमोर बसायची कसली भीती वाटते?

खाली बघू नका. माझ्याकडे बघा, दोघंही. न्यायाधीशांनी तुमचा वाटपाचा दावा मध्यस्थीकडे पाठवला. त्या तारखेला थोरला फिरकलाच नाही. धाकटा गेला, पण दारातूनच वकिलांकरवी ‘तडजोड नको’ म्हणून कळवलं आणि एसटी धरून परत आला. दोन सख्ख्या भावांना एका खोलीत घटकाभर बसवत नाही? शाळेत एकाच बाकावर बसत होतात तुम्ही. लाज वाटायला हवी.

कारण काय, तर म्हणे गावाला वाटेल माघार घेतली. गाव येतंय का तुमच्या वकिलाची फी भरायला? आणि माघारीचा प्रश्न येतोच कुठे? मध्यस्थ म्हणजे पंच नव्हे. तो निकाल देत नाही, कुणाला दोषी ठरवत नाही, सही करायची सक्ती करत नाही. तुमचं दोघांचं एकत्र ऐकतो, मग वेगवेगळं ऐकतो. एकट्याने विश्वासाने सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. जमलं नाही, तर तो न्यायालयाला एवढंच कळवतो की जमलं नाही. कोण काय बोललं ते कळवत नाही. तिथे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, असं 2023 च्या मध्यस्थी कायद्यात लिहिलेलं आहे. दावा जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. तुमचा एकही हक्क बुडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 ने 2002 पासून न्यायालयांना ही वाट करून दिली आहे. तुम्ही तिच्या तोंडाशी जाऊन पाठ फिरवलीत.

दावा जिंकून काय मिळणार, याचा तरी हिशेब केलात का? आधी प्राथमिक हुकूमनामा होईल: कुणाचा हिस्सा किती, एवढंच त्यात ठरेल. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे न्यायाधीश पाडत नाहीत. त्याच संहितेच्या कलम 54 प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदार, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग त्या मोजणीवर हरकत. आणि मधल्या काळात हरणारा अपिलात जाणार. तोवर तुमची पोरं तारखांना जातील.

आणि खरं भांडण हिश्शाचं आहे तरी का? हिस्सा सारखाच आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. भांडण विहिरीचं आहे. विहीर धाकट्याच्या बाजूला, मोटारीचं वीजबिल थोरल्याच्या नावावर, उन्हाळ्यात पाणी आठ तास पुरत नाही. उसाची गाडी कुणाच्या रानातून काढायची, याचं आहे. बांधावरचे आंबे वडिलांनी लावले, ते कुणी उतरवायचे, याचं आहे. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च एकट्याने केला आणि दुसऱ्याने कधी विचारलं नाही, याचं तर सगळ्यात जास्त आहे. यातलं दाव्याच्या अर्जात किती लिहिलंय? जे मागितलंच नाही ते न्यायाधीश कुठून देतील? पाण्याची पाळी वारांनुसार लावता येते, वाट नकाशावर आखून घेता येते, दवाखान्याचे पैसे हप्त्यांनी फेडता येतात. पण हे कागदावर तेव्हाच येईल, जेव्हा तुम्ही तोंड उघडाल.

पलीकडे चुलत्याशी तुमचं तसंच चाललंय. त्याची जमीन तुमच्या वहिवाटीत, तुमची त्याच्या. असा आपसातला ताबा किमान बारा वर्षांचा असेल तर अदलाबदलीचा दस्त करण्यासाठी शासनाने 2023 मध्ये सलोखा योजना आणली: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी नाममात्र ठेवली. सवलत शासनाने दिली. संमती तुम्हालाच द्यावी लागते, आणि ती तुमच्या तोंडून निघत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण यात तुम्ही दोघंही सारखेच गुन्हेगार आहात. बहीण कुठे आहे? तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं, मग आपण बघू, हे तुमचं एकमत मला कळलंय. भांडायला दोघं, आणि तिला वगळायला मात्र एक! हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो पुन्हा ठामपणे सांगितला. भाऊबीजेच्या ओवाळणीत तो हक्क फिटत नाही. तिला सोडायचंच असेल तर ती सोडेल, पण त्या खोलीत बसून, सगळं समजून, स्वतःच्या मनाने. दबावाने घेतलेल्या सहीला मी तडजोड म्हणणार नाही.

तडजोड कच्ची असते, ही समजूतही काढून टाका. न्यायालयाने नोंदवलेल्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, वकिलांना दाखवा. वकील सोबत असू द्या, पण बोलायचं तुम्ही. सातबारा, फेरफार, वीजबिलं आणि दवाखान्याच्या पावत्या घेऊन जा.

मध्यस्थीची पुढची तारीख मागण्याचा अर्ज उद्याच द्यायचा, दोघांच्या सहीने. आणि बहिणीला फोन आत्ता लावा, माझ्यासमोर. थोरल्या, तू लाव.